पत्र पोहोचले, अक्षरे हरवली : भाषाशिक्षक इंटरनेटवर कसे आले?

१/
संगणकांचे जाळे विद्यापीठांत पसरू लागले, तेव्हा ते प्रथम भौतिकशास्त्रज्ञ, गणितज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यांच्या हाती पडले. भाषा शिकवणारा शिक्षक कोणाच्या गणतीतही नव्हता. तरीही १९९० च्या दशकात भाषेचा वर्ग या जाळ्याला जोडला गेला. हे घडले ते मुख्यतः शिक्षकांनी शिक्षकांना दिलेल्या हातामुळे. त्या दशकाचा हा इतिहास.

२/
आरंभ न्यूयॉर्कमध्ये. १९८१ साली 'सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क' आणि येल विद्यापीठ यांचे संगणक जोडले गेले आणि 'बिटनेट' हे जाळे जन्मास आले. ते इंटरनेटहून वेगळे होते; पण दोहोंमध्ये ई-मेलची देवाणघेवाण होत असे. १९८६ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस यांनी त्यासाठी 'लिस्टसर्व्ह' ही प्रणाली लिहिली. एकाने पाठवलेले पत्र ती सर्व सभासदांना आपोआप पोहोचवी.

३/
१९९१ मध्ये त्याच न्यूयॉर्कच्या विद्यापीठात अँथिया टिलयर यांनी परभाषिकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी 'टेस्ल-एल' ही टपालयादी सुरू केली. पुढे तिला हजारो सभासद मिळाले. दूरच्या गावात एकट्याने शिकवणारा शिक्षक सायंकाळी प्रश्न विचारी आणि सकाळी त्याला तीन खंडांतून उत्तरे आलेली असत. संगणकाच्या वापरापुरती चर्चा करणारी 'टेस्ल-सीए-एल' ही तिची स्वतंत्र शाखा होती.

४/
मात्र दारातून आत जाणेच अवघड होते. सभासद होण्यासाठी एका यंत्राला पत्र लिहावे लागे. त्यात ठराविक आज्ञा एका ओळीत, बिनचूक लिहावी लागे. एखादे अक्षर चुकले की यंत्र रुक्ष उत्तर धाडी. आयुष्यभर इतरांच्या चुका दुरुस्त केलेल्या शिक्षकाला हा अनुभव नवा होता. त्यामुळे आज्ञांचे छापील कागद हातोहात फिरू लागले आणि जाणता सहकारी शेजारी बसून पहिले पत्र लिहवून घेऊ लागला.

५/
पुढचा प्रश्न असा, की वर्गात याचे करायचे काय? १९९२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट ओलाफ महाविद्यालयात एक योजना सुरू झाली. एका देशातील शिक्षकाने आपल्या वर्गाची माहिती द्यायची आणि दुसऱ्या देशातील जोडवर्ग शोधायचा. मग दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी परस्परांना पत्रे लिहायची.

६/
या योजनेच्या संस्थापकांपैकी ब्रूस रॉबर्ट्स यांनी एक महत्त्वाचा फरक नोंदवला. पत्रव्यवहार हा अभ्यासाला लावलेले शेपूट ठरला, तर विद्यार्थ्यांचा उत्साह लवकर ओसरतो. आलेल्या पत्रांवरच वर्गातील वाचन, चर्चा आणि लेखन उभे केले, तर वर्गाचे रूप पालटते. म्हणजे यंत्र तेच, ई-मेल तीच. भेद शिक्षकाच्या योजनेत होता.

७/
१९९४ मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील लॉइड हॉलिडे आणि क्योतो सांग्यो विद्यापीठातील थॉमस रॉब यांच्या प्रयत्नांतून इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चर्चायाद्या उभ्या राहिल्या. चित्रपट, संगीत, खेळ अशा विषयांची स्वतंत्र यादी असे. शिक्षकांना एक तयार जागा मिळाली. विद्यार्थ्यांना परीक्षकाऐवजी खरा वाचक मिळाला.

८/
युरोपात जर्मनीच्या बोखुम येथील रूर विद्यापीठातून हेल्मुट ब्रामर्ट्स यांच्या पुढाकाराने ई-मेलवरील 'टँडेम' जाळे वाढले. दोन व्यक्ती परस्परांची मातृभाषा शिकतात. अर्धे पत्र एका भाषेत, अर्धे दुसऱ्या. प्रत्येक जण विद्यार्थीही आणि जाणकारही. परस्परांना सारखाच लाभ व्हावा आणि आपल्या शिक्षणाची जबाबदारी आपण घ्यावी, ही त्याची दोन तत्त्वे होती.

९/
शिक्षकांची खरी धास्ती यंत्रापेक्षा खोल होती. विद्यार्थी थेट परस्परांशी बोलू लागले, तर शिक्षकाचे स्थान काय? कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रिचर्ड कर्न यांनी फ्रेंचच्या वर्गांत संगणकांवरून लेखी चर्चा घडवली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तोंडी चर्चेच्या तुलनेत विद्यार्थ्यांनी दोन ते साडेतीन पट अधिक वेळा सहभाग घेतला.

१०/
याची किंमतही होती. व्याकरणाची शुद्धता घटली, चर्चेचा धागा तुटत राहिला आणि शिक्षक केंद्रस्थानावरून बाजूला झाला. पुढच्याच वर्षी मार्क वॉर्शॉअर यांनी १६ विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. समोरासमोरच्या चर्चेत जे गप्प राहत होते, ते लेखी चर्चेत पुढे आले आणि सहभाग अधिक समान झाला. शिक्षकांना आपला तोल नव्याने शोधावा लागणार होता.

११/
मग वेब आले. १९९५ हे वर्ष त्यात ठळक आहे. वॉर्शॉअर यांचे इंग्रजी शिक्षकांसाठी ई-मेलवरील मार्गदर्शक पुस्तक, डेव्ह स्पर्लिंग यांचे 'डेव्ह्ज ईएसएल कॅफे' हे संकेतस्थळ आणि सॅन दिएगो येथे बर्नी डॉज यांनी मांडलेली 'वेबक्वेस्ट' ही अध्यापनपद्धती एकाच वर्षी आली. १९९८ मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील 'हॉट पोटॅटोज'मुळे प्रोग्रॅमिंग न येणारा शिक्षकही वेबवरील स्वाध्याय तयार करू लागला.

१२/
२००२ मध्ये अबू धाबीत राहणाऱ्या व्हान्स स्टीव्हन्स यांनी 'वेबहेड्स इन अ‍ॅक्शन' हा शिक्षकांचा गट सुरू केला. इंग्रजी शिक्षकांच्या 'टेसोल' संस्थेने चालवलेल्या विनामूल्य ऑनलाइन सत्रांतून तो उभा राहिला. मार्गदर्शक स्वयंसेवक होते. इथे इंटरनेटवर व्याख्यान नसे. शिक्षक तेच साधन परस्परांशी वापरून पाहत आणि मगच वर्गात नेत.

१३/
या साऱ्या कथेत इंग्रजीचाच गजर का? एक मोठे कारण अक्षरांत दडले होते. जुनी ई-मेल 'अ‍ॅस्की' या संकेतावलीवर चाले. तिच्यात केवळ १२८ संकेत. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. फ्रेंच शिक्षकाचे पत्र पोहोचे, पण अक्षरांवरची चिन्हे वाटेत गळून किंवा विद्रूप होऊन जात. शुद्धलेखन शिकवायचे ते नेमके यांतूनच! १९९२ च्या 'माइम' मानकाने हा मार्ग हळूहळू मोकळा केला.

१४/
देवनागरीची वाट याहून लांब होती. १९९० च्या दशकात परदेशस्थ मराठी माणसे 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या चर्चामंचावर बोलत, ती बहुधा रोमन लिपीत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. पण मराठी संकेतस्थळांचे फाँट निरनिराळे असत. तो फाँट आपल्या संगणकावर नसेल, तर मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे.

१५/
उपाय कागदावर होता. भारतीय लिप्यांची 'इस्की' ही संकेतावली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. पुण्याच्या 'सी-डॅक'ने तिच्यावर आधारित साधने घडवली. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतली होती. परंतु विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला.

१६/
म्हणजे १९९५ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकाला एक ई-मेल खाते आणि एक जाणता सहकारी पुरेसा होता. मराठीच्या शिक्षकाला त्याआधी आपली वर्णमाला पलीकडे पोहोचण्याची वाट पाहावी लागली. 'भाषेचे शिक्षक तंत्रज्ञानाला बिचकतात' हा शेरा आजही सर्रास मारला जातो. तो मारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात : त्या शिक्षकाच्या शेजारी बसणारे कोणी होते का, आणि त्याची अक्षरे त्या यंत्राला ठाऊक होती का.

#इतिहास #भाषाशिक्षण #देवनागरी