आठवणीची साक्ष आणि कागदाची साक्ष

शताब्दी ग्रंथाच्या समितीनं दिंडीचा सुरुवातीचा इतिहास लिहायचं काम आम्हांवर टाकलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. शेती आणि कीर्तन, एवढाच आमचा अभ्यास. पण जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कीर्तनासाठी गावोगाव फिरणं झालं. म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर बसणं झालं. म्हणून होकार दिला.

दिंडीच्या पहिल्या वर्षांचे कागद फार थोडे. बाकी सगळं आठवणीवर. आठवणी विचारायला गेलो तर दोन वाटा फुटल्या. एका वाडीचं म्हणणं, दिंडी मानमोडीच्या साथीनंतर दुसऱ्याच वर्षी निघाली आणि वीणा त्यांच्या पणजोबांच्या गळ्यात होती. दुसऱ्या वस्तीचं म्हणणं, दिंडी त्यानंतर पाच-सहा वर्षांनी निघाली आणि पहिला वीणेकरी त्यांच्यातला, एक भूमिहीन माणूस. दोन्हीकडची माणसं माळकरी. खोटं कुणीच बोलत नाही. मग खरं काय समजायचं? प्रश्न मानाचा आहे. वीणेचा मान कुणाचा, हे आज ग्रंथात जसं छापलं जाईल तसं पुढची पिढी धरून चालेल. म्हणून आधी आठवण कशी चालते ते सांगतो.

शिवनेरी आपल्या डोळ्यासमोर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर झाला, हे पोरासोरांना माहीत. पण जन्म कोणत्या साली, यावर किती वर्षं वाद चालला! बखरींतून शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इंग्रजी 1627 साल चालत आलं होतं. आमच्या वाडवडिलांनी तेच ऐकलं. पण बखरी बहुतेक मागाहून लिहिलेल्या. चिटणीसांची बखर तर महाराज गेल्यावर सव्वाशे वर्षं उलटून गेल्यानंतरची. पुढं कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळानं ती छापली. तिच्यात सालवार त्रोटक नोंदी आहेत. त्यात जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया असा निघाला. पुढं 1927 साली शिवभारत छापून आलं. ते महाराजांच्या हयातीतच नेवाशाच्या कवींद्र परमानंदांनी रचलेलं. त्यातही तीच तिथी. राजस्थानात जुन्या जन्मपत्रिकांचा संग्रह मिळाला, त्यातली पत्रिकाही तिकडंच बोट दाखवणारी. सरकारनं 1966 साली इतिहासकारांची समिती नेमली आणि अखेर 2001 साली 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली.

एवढ्या मोठ्या राजाच्या जन्मात जवळजवळ तीन वर्षांचा फरक पडला होता. बखरकार काही वैरी नव्हते, त्यांची भक्तीच होती. पण भक्ती निराळी आणि साल निराळं. निकाल कशानं लागला? एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणच्या जुन्या लिखाणाचा मेळ बसला म्हणून लागला.

दुसरा दाखला ओतूरचा. तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या ओतूरला आहे. गुरूंनी स्वप्नात अनुग्रह दिला त्याची माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार, हे खुद्द तुकोबांनी अभंगात सांगून ठेवलं. साल मात्र सांगितलं नाही. म्हणून कोणत्या शकात त्या दशमीला गुरुवार येतो याचं गणित अभ्यासक मांडत बसले आणि त्यांचं एकमत झालं नाही. आपल्या लोकांचंही असंच आहे. तिथी पक्की राहते, कारण ती दरसाल परत येते. आळंदीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, हे झोपेतही कुणी चुकायचं नाही. साल एकदाच येतं आणि जातं. ते ध्यानात राहत नाही.

इथं कुणी म्हणेल, महाराज, आठवणीवर एवढा अविश्वास का? गाथा बुडवली तर ती लोकांच्या मुखीच तरली ना? ही परंपरा आम्हीही कीर्तनातून सांगतो. पण अभंग आणि हकीकत यांत फरक आहे. अभंगाला यमक आहे, चाल आहे. एक शब्द चुकला की ताल मोडतो आणि शेजारचा टाळकरी लगेच वळून बघतो. रोज दहा तोंडं तो तपासतात. तरीसुद्धा संताजी जगनाडे महाराजांच्या हातच्या वह्या लागल्याच, आणि इंदुप्रकाशनं 1873 साली गाथा पुरी केली तेव्हा निरनिराळ्या वह्या ताडून पाठभेद बघावे लागले. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीला ना यमक ना ताल. सांगणारा थोडं गाळतो, थोडं घालतो, आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

बरं, ही झाली ऐकीव गोष्ट. डोळ्यानं बघितलेलं तरी पक्कं असतं का? समितीतल्या एका प्राध्यापकांनी आम्हांला 1974 सालचा अमेरिकेतला एक प्रयोग वाचून दाखवला. लॉफ्टस नावाच्या बाई आणि त्यांचे जोडीदार पामर यांनी तो केला. 150 विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना साधं विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता? उरलेल्या पन्नासांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? आदळल्या हा शब्द ऐकलेल्यांतले 16 हो म्हणाले, धडकल्या ऐकलेल्यांतले 7. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच! म्हणजे विचारणाऱ्याचा शब्द सांगणाऱ्याच्या आठवणीत जाऊन बसला.

हे ऐकल्यावर आम्ही विचारायची रीत ठरवून घेतली. "आजी, दिंडी मानमोडीनंतर लगेच निघाली ना?" असं विचारायचं नाही. "आजी, दिंडीचं काय काय ऐकलंय?" एवढंच म्हणायचं आणि गप बसायचं. चौघांना एकत्र बसवायचं नाही. एक बोलला की बाकीचे मान डोलावतात आणि चार साक्षींची एकच साक्ष होते. साल विचारायचं नाही, खूण विचारायची. मानमोडी 1918 ची. साने गुरुजींच्या उपोषणानं पंढरीचं मंदिर दलित बांधवांना उघडलं ते 1947. पानशेत फुटलं 1961. कोयनेचा भूकंप 1967. मोठा दुष्काळ 1972. अलीकडचं असेल तर माळीणच्या आधी का नंतर, म्हणजे 30 जुलै 2014. आपल्या आंबेगाव तालुक्यातली 151 माणसं त्या दिवशी डोंगराखाली गेली, तो दिवस या खोऱ्यात कुणी विसरायचा नाही. अशा खुणांच्या मधे गोष्ट बसवली की साल जवळपास सापडतं.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं समजू नका. करोनात पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. हे 2020 ला झालं आणि 2021 लाही झालं. पण "एकच वर्ष वारी चुकली" असं सांगणारी धडधाकट माणसं आम्हांला आत्ताच भेटतात.

आता आपल्या दिंडीचं. हाती असलेला सगळ्यांत जुना कागद म्हणजे शिध्याच्या हिशोबाचं एक पान. शताब्दी त्यावरच्या सालापासून मोजली आहे. तो कागद एवढंच सांगतो की त्या साली दिंडी चालत होती. त्याच साली सुरू झाली असं तो म्हणत नाही, आणि वीणा कुणाच्या गळ्यात होती हेही सांगत नाही. म्हणून ग्रंथात दोन्ही हकीकती शेजारी शेजारी, सांगणाऱ्याच्या शब्दांत, कुणाकडून ऐकलं ते लिहून छापायच्या असं आम्ही सुचवलं आणि समितीनं ते मान्य केलं. एका बाजूचं घर मोठं, म्हणून तिची गोष्ट इतिहास आणि दुसरी दंतकथा, असा न्याय माउलींच्या दारात चालायचा नाही. भूमिहीन माणसाच्या घरी कागद सापडत नाही, कारण त्याच्या नावावर कागद होण्यासारखं काही नव्हतंच. त्याची आठवण हाच त्याचा सातबारा.

सर्वांना विनंती आहे. घरातल्या जुन्या पेट्या, फळ्या, पोथ्यांची बासनं उघडून बघा. पंढरपुरात ज्यांचे क्षेत्रोपाध्ये आहेत त्यांनी त्यांच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावं कोणत्या साली पडली ते विचारून यावं. आणि यंदाच्या वारीत वीणेकरी कोण, चोपदार कोण, मुक्काम कुठं, किती माणसं चालली, हे मुक्कामीच त्याच रात्री वहीत लिहून ठेवावं. पुढच्या शंभर वर्षांनी कुणाला विचारत फिरायला लागू नये.

रामकृष्णहरी.