तिरकमठ्याची किंमत

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाने ९ ऑगस्टचा आदिवासी दिन साजरा करावयाचे ठरविले. रंगमंचाच्या सजावटीसाठी एक तिरकमठा हवा होता. इतिहासाचा माणूस म्हणून तो आणण्याचे काम माझ्याकडे आले. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, काशीमिऱ्याच्या पलीकडे डोंगराला टेकून आदिवासी पाडे आहेत, हे येथील बहुसंख्य रहिवाशांच्या गावीही नसते. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या या शहरात लोक स्टेशन ओळखतात, बिल्डर ओळखतात. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी त्या पाड्यातला. त्याचे आजोबा तिरकमठे करतात असे त्याने सांगितले, म्हणून त्याच्याबरोबर गेलो.

म्हाताऱ्याने मला खाटेवर बसविले आणि एकच प्रश्न विचारला. "मारायचा का टांगायचा, मास्तर?"

मी म्हटले, टांगायचा. तेव्हा त्यांनी कुडाला लावून ठेवलेला एक पुढे केला आणि चारशे रुपये सांगितले. मी तीनशे म्हटले. वर असेही म्हणालो, "बाबा, बांबू तर रानातलाच ना?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेले आणि मी जागच्या जागी शरमलो. कारण ते वाक्य माझे नव्हतेच. माझे आजोबा मराठवाड्यातल्या आमच्या गावी घायपात कुजवून वाख काढीत आणि चऱ्हाटे वळीत. कासरे, सोल, मोटेचा नाडा, शिंकी, सारे आमच्या हातचे. खळ्यावर बलुते मागायला गेले की पाटील म्हणे, वाख तर आमच्याच बांधावरचा, तुझे त्यात काय? कुजवलेल्या घायपाताच्या घाणीत दिवसदिवस उभे राहणे, तळहाताची साल जाईपर्यंत पीळ देणे, कोणत्या बैलाला किती जाडीचा कासरा हे ओळखणे, हे सारे 'तुझे' या शब्दात मावतच नव्हते. ते जातीचे काम होते. जातीच्या कामाला कसब म्हणत नाहीत आणि मजुरीही देत नाहीत. सुगीला पेंढी टाकतात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक दाखविला, तो मी वर्गात शिकवितो. पाड्यावर जाऊन मीच पाटील झालो.

मी चारशे दिले. त्याने काही फिटले असे नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. तिरकमठ्याची किंमत म्हणजे नेमकी कशाची किंमत?

'मारायचा' तिरकमठा कसा होतो ते मी त्यांना विचारले. माझ्याकडून पैसे मिळणार नव्हते तरी त्यांनी तासभर सांगितले. त्याला मानवेल लागते, पोकळ बांबू चालत नाही. कोवळी नको, तीन तरी पावसाळे पाहिलेली हवी. पाऊस सरल्यावर अंधाऱ्या पाखात तोडायची, म्हणजे तिला भुंगा लागत नाही. सावलीत वाळवायची, चुलीवरच्या माळ्यावर धूर द्यायचा. मग कोयत्याने तासायची. पाठीचे कातडे दुखवायचे नाही, पोटाकडून थोडे थोडे काढायचे, आणि दर वेळी गुडघ्यावर वाकवून दोन्ही अंगे सारखी वाकतात का ते पाहायचे. एक अंग जास्त तासले की सगळे वाया. दोरी सुताची नव्हे, बांबूच्याच सालीची पातळ पट्टी. सातपुड्यातल्या भिलांचा तिरकमठाही असाच असतो, कामठा बांबूचा आणि दोरीही बांबूची. बाणाला पिसे लावायची, टोकाला लोहाराकडून पाते ठोकून आणायचे. सगळ्यात शेवटी, म्हणजे खरे तर सगळ्यात आधी, ज्याच्यासाठी करायचा त्याला समोर उभे करायचे. त्यांनी नातवाला उभे केले, त्याचा डावा हात ताणून धरला, हनुवटीपर्यंत वीत मोजली. दुसऱ्याच्या मापाचा तिरकमठा हाताला लागत नाही म्हणाले. गिऱ्हाइकाच्या अंगावर माप घेऊन कपडे शिवणारा शिंपी कारागीर ठरतो. हा माणूस मात्र आमच्या कार्यक्रमपत्रिकेत 'आदिम संस्कृतीचा वाहक' ठरला होता.

"मग असा एक करून द्याल?" मी विचारले. ते म्हणाले, मानवेल आता कुंपणाच्या आत आहे.

कुंपण म्हणजे राष्ट्रीय उद्यान. येथे मला इतिहासाकडे वळले पाहिजे.

१८७८ हे वर्ष आपण सारे शिकतो आणि शिकवितो. लिटनचा काळ. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्या वर्षीचा, शस्त्रांचा कायदाही त्या वर्षीचाच. पाठ्यपुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी असतात, 'राष्ट्रीय जागृतीची कारणे' या मथळ्याखाली. त्याच वर्षी तिसराही एक कायदा झाला, तो जंगलाचा. तो बहुधा या यादीत नसतो. का नसतो? वृत्तपत्रे ज्यांची होती त्यांनी इतिहास लिहिला. राखीव जंगल ज्यांच्या चुलीपर्यंत आले त्यांच्या हाती लेखणी नव्हती. जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याचा समाचार घेतला आहे, पण जोतीराव त्या पाठ्यपुस्तकात 'समाजसुधारक' या वेगळ्या धड्यात असतात.

शस्त्रांच्या कायद्याबाबत तर आणखी मौज आहे. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव होत असत. तक्रार अशी की सुशिक्षित, राजनिष्ठ हिंदी माणसाला बंदूक बाळगण्याची बंदी हा त्याच्या पौरुषाचा अपमान आहे. परंतु त्या कायद्यातली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या मुळातून वाचा. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि त्यांच्या पंगतीत धनुष्य व बाण! ज्या वस्तूने पोरे पाखरे पाडीत आणि बाया-माणसे रानडुकरापासून नाचणी राखीत, ती एका ओळीत तोफेची सोबतीण झाली. वाटेल त्याला सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता, हे खरे. पण सूट म्हणजे मेहेरबानी. काल जे अंगाचा भाग होते ते आज मेहेरबानीवर आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ज्या बांबूचा ते होते तो बांबूही सरकारी झाला. एका वर्षात वस्तूही गुन्हा ठरली आणि तिचा कच्चा मालही चोरीचा ठरला. या दोन कायद्यांना एकत्र वाचल्याशिवाय तिरकमठ्याची किंमत कळत नाही.

इंग्रजांना धनुष्याची धास्ती विनाकारण नव्हती. खानदेशात भिलांना तोफेने वठणीवर आणता येईना, म्हणून १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे तिरकमठा काढून हातात सरकारी बंदूक दिली. तरीही सेंधव्याच्या घाटातला खाज्या नाईक उठला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला भिलांनी इंग्रजी फौजेला तोंड दिले. संथाळांचा हूल १८५५ चा, बिरसाचे उलगुलान १८९९-१९०० चे. सगळीकडे तेच हत्यार आणि समोर तीच बंदूक.

आमच्या बाजूची गोष्टही येथेच नोंदवून ठेवतो. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, सुभेदार रामजी सकपाळ न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले. आदिवासीच्या हातातून धनुष्य गेले आणि महाराच्या हातातून बंदूक, दोन्ही पंधरा-वीस वर्षांच्या आत. या दोन घटना एका प्रकरणात लिहिलेल्या मी अजून पाहिल्या नाहीत.

पुढे काय झाले? वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात, चार वर्षांच्या आत गेला. शस्त्रांचा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नव्याने झाला आणि त्याच्या व्याख्येतून धनुष्यबाणाचे नाव गळाले. जंगलाच्या कायद्याने मात्र १९२७ साली नवे कपडे घातले आणि तो आजही आपल्या मानेवर आहे. त्यात बांबू हे 'झाड' होते. वनस्पतिशास्त्राचे पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल की बांबू गवत आहे. २०१७ साली दुरुस्ती झाली ती जंगलाबाहेरच्या बांबूपुरती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २०११ साली आपला बांबू आपल्या परवान्याने विकून दाखविला. त्याच २००६ च्या कायद्याने पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकारीचा हक्क वगळला. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'हत्यार' या शब्दाची व्याख्या उघडली की तेथे पुन्हा आपले जुने ओळखीचे शब्द भेटतात, धनुष्य आणि बाण. एका कायद्यातून गळाले ते दुसऱ्यात उगवले. परवानगीवाचून ते घेऊन उद्यानात पाऊल टाकणे हाच गुन्हा. ज्याचे घर उद्यानाला लागून आहे त्याने काय करावे?

मी शिकारीची वकिली करीत नाही. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई-ठाण्याच्या तोंडात आजवर टिकले ही मोठी गोष्ट आहे. ते म्हाताऱ्याने संपविले नाही, एवढेच माझे म्हणणे. घोडबंदरच्या रस्त्याने एकदा जाऊन पाहावे. डोंगराच्या पायथ्यापर्यंत मनोरे कोणी आणले ते दिसेल, आणि त्यांच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' या शब्दांसाठी चौरस फुटामागे जादा दर लावलेला असतो. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. तेव्हापासून अतिक्रमण या शब्दाने पाड्यांवरची माणसेही दचकतात. त्यांचे आजे-पणजे कुंपणाच्या आधीचे आहेत.

आता महाभारताकडे एकदा पाहतो, कारण धनुष्य म्हटले की आपल्या लोकांना दुसरे काही आठवतच नाही. (अगदीच नाही असे नाही. निवडणुकीचे चिन्ह आठवते. २०२२-२३ साली धनुष्यबाण कोणाचा यावर निवडणूक आयोगापुढे केवढा वाद झाला! तो जो तासतो त्याचे नाव त्या वादात कोठे आले नाही.) एकलव्याच्या अंगठ्यावर आपल्या कवींनी पुष्कळ लिहिले आहे, ते योग्यच आहे. न दिलेल्या शिकवणीची एवढी फी दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. परंतु अर्जुनाच्या धनुष्याचा हिशेब कोणी मांडत नाही. गांडीव अर्जुनाने केले नाही, विकतही घेतले नाही. अग्नीने वरुणाकडून ते त्याला मिळवून दिले आणि कशासाठी, तर खांडववन जाळण्यासाठी. त्या वनात राहणारे नाग जळाले, पशुपक्षी जळाले, जे पळाले त्यांना याच धनुष्याने मारले. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या क्रौर्यावर बोट ठेवले आहे. म्हणजे एका धनुष्याची किंमत एका निषादाचा अंगठा, दुसऱ्याची किंमत एक सबंध अरण्य. दोन्ही वेळा दाम मोजला तो अरण्यातल्या माणसाने.

आपल्या सरकारने १९६१ साली उत्तम खेळाडूंसाठी पुरस्कार सुरू केला, नाव दिले अर्जुन. १९८५ साली प्रशिक्षकांसाठी केला, त्याचे नाव द्रोणाचार्य. १९९१ साली लिंबाराम यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. उदयपूर जिल्ह्यातला हा आदिवासी मुलगा, बांबूच्या धनुष्याने पाखरे मारता मारता शिकलेला, १९८८ ते १९९६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये उतरला. २०१२ साली पद्मश्रीही मिळाली. त्यांचा सन्मान झाला याचा आनंद कोणाला होणार नाही? पण ते नाव वाचताना मी दर वेळी अडखळतो. लिंबारामांच्या छातीवर अर्जुन!

ऑलिम्पिकच्या धनुष्याचा मधला दांडा धातूचा असतो, पाती कार्बनची, वर तोल सांभाळणाऱ्या काड्या आणि नेम धरायचे यंत्र. चांगल्या संचाची किंमत लाखांत जाते. तेही खेळाडूच्या हाताच्या लांबीला आणि ताकदीला जुळवून घ्यावे लागते, त्याचे वेगळे तज्ज्ञ असतात. म्हाताऱ्याने नातवाच्या हनुवटीपर्यंत जी वीत मोजली ती हीच विद्या. एकीचे दरपत्रक निघते. दुसरीला मी शंभर रुपये कमी करायला सांगितले.

कार्यक्रम झाला. तिरकमठ्याचे चारशे रुपये परत मिळावेत म्हणून मी हिशेब विभागाकडे गेलो. तेथे पावती मागितली. पावती नव्हती. मग तीन दुकानांची कोटेशने जोडा म्हणाले. मी विचारले, कोणत्या दुकानांची? शेवटी रक्कम मी सोडून दिली आणि वस्तू महाविद्यालयाला भेट म्हणून लिहून दिली. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली, 'धनुष्य, बांबूचे, नग १, शोभेचे.' क्रीडा साहित्याचे रजिस्टर वेगळे आहे. त्यात घाला असे मी म्हणून पाहिले. लिपिक हसला.

निघताना म्हाताऱ्याने बजावले होते की काम झाले की दोरी उतरवून ठेवा, ताणलेला राहिला तर कामठ्याचा जोर जातो. परवा विभागाच्या कपाटात पाहिले तर तो तसाच ताणलेला होता. मी दोरी उतरवायला गेलो. कामठा पायात धरून वाकवायचा असतो एवढे ठाऊक होते, पण ते मला जमेना. शेवटी त्या विद्यार्थ्याला वर्गातून बोलावून आणले.