पीक संरक्षणाची बंदूक

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम मला नोकरीत पाठ झालं. कर्जतच्या तहसील कचेरीत बंदूक परवान्यांचे अहवाल माझ्या टेबलावरून अलिबागला जात, आणि हे कलम ठाऊक नसलं तर एक कागद पुढे सरकत नसे. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. खरोखरच पीक राखायचं असेल तर ठासणीची बंदूक. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची. आणि पॉइंट बावीस बोअरची रायफल? ती रायफल क्लबच्या सभासदाला, निशाण्याच्या सरावासाठी. म्हणजे कायद्याच्या लेखी ठासणी शेताच्या बांधावर आणि बावीस कागदी चकतीसमोर. हरणाचं नाव त्या कलमात कुठेच नाही.

मी मूळचा पोशीरचा. नेरळहून कळंबच्या रस्त्याला लागलात की आमचं गाव लागतं. गावाच्याच नावाची नदी, पुढे उल्हासला मिळणारी. खाली भाताची खाचरं, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी, त्याच्यावर ऐन-किंजळ-सागाचं रान, आणि पूर्वेला भीमाशंकरकडे चढत जाणारे कारवीचे उतार. या रानात हरीण म्हणजे भेकर. वजन वीस-पंचवीस किलो, अंगावर लालसर तांबूस केस, आणि ओरडणं कुत्र्यासारखं. वरच्या अंगाला सांबर, पण ते दोन-अडीचशे किलोचं धूड गावकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं. त्यामुळे आमच्याकडे शिकारीची गोष्ट निघाली की ती भेकराचीच असते, आणि तिच्यातला पहिला प्रश्न ठरलेला: नळीत काय होतं?

या प्रश्नाला माझ्या मते मोठा अर्थ आहे. परवान्यावर सगळ्यांच्याच ‘पीक संरक्षण’ लिहिलेलं असायचं. माणूस पीक राखायला निघालाय की मटणाला, हे त्या रकान्यातून कधीच कळलं नाही. ते नळीत काय भरलंय त्यावरून कळायचं.

परवान्याची ही भानगड १८७८ पासूनची. त्या एका वर्षात इंग्रजांनी दोन कायदे केले, एक जंगलाचा आणि एक हत्यारांचा. रान सरकारचं झालं आणि त्यात न्यायची बंदूकही सरकारच्या मर्जीवर आली. ठाकूर-कातकऱ्यांना बंदुकीचं फारसं सोयरसुतक नव्हतं. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं, कुत्री, तिरकमठा आणि हाका यांवर त्यांची शिकार चालायची. त्यांना जाच झाला तो जंगलाच्या कायद्याचा. हत्यारांच्या कायद्याचा धाक बसला तो गावांना. लगेच दुसऱ्या वर्षी वासुदेव बळवंतांचं बंड झालं. त्यांचं शिरढोण पनवेलच्या बाजूला, आमच्यापासून काही फार लांब नाही, आणि मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाइकांनी पळस्पे लुटलं तेही याच मुलखात. अशा भागात खेडुताच्या हाती बंदूक ठेवायची तर सरकारला कारण हवं होतं. रानडुक्कर हे कारण उत्तम होतं. ते आजही आहे.

आमच्या आजोबांकडे ठासणी होती, एकनळी, उंचीला त्यांच्या खांद्याला लागणारी. ती भरणं म्हणजे निवांत माणसाचं काम. बंदूक उभी धरायची, शिंगातून मापाने दारू सोडायची, वर काथ्याचा बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायची. गज नळीतून टण्णकन वर उडाला की समजायचं, दारू नीट बसली. मग माल. त्यावर पुन्हा बोळा, म्हणजे नळी खाली केली तर माल ओघळणार नाही. शेवटी निपलवर तांब्याची टोपी. ही टोपी ओली झाली की सगळी मेहनत वाया. म्हणून पावसाळी रात्री आजोबा बंदुकीच्या घोड्यावर मेणकापड गुंडाळून ठेवत.

‘माल’ काय घालायचा इथे माणसाचा इरादा उघडा पडायचा. वानरं आणि डुकरं नुसती हुसकायची असली तर माल लागतच नाही. दारू आणि बोळा, नुसता बार. आवाज डोंगराला आपटून परत येतो तेवढ्यावर कळप पांगतो. पीक खरंच राखणारा माणूस हंगामभर असेच बार काढायचा, कारण शिसं महाग. ज्याच्या घरी मासे पकडायच्या जाळ्याची शिशाची मणी चुलीवर वितळत असत आणि साच्यात गोळी पडत असे, त्याचा बेत वेगळा होता. भेकरासाठी एक अख्खी गोळी, चिंधीत गुंडाळून नळीत घट्ट बसवलेली, आणि सोबत चार-पाच जाड छरे, गोळी चुकली तर हाताशी असावेत म्हणून. गुळगुळीत नळीत आटे नसतात, त्यामुळे गोळी फिरत जात नाही आणि पन्नास पावलांपलीकडे ती कुठे जाईल हे देवाला ठाऊक. पण आमच्या कारवीत पन्नास पावलांपलीकडे दिसतंय कुणाला?

पुढे बारा बोअर आली. बारा बोअर म्हणजे जिच्या नळीत बरोब्बर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा होतात ती बंदूक. म्हणजे एक गोळी अडतीस ग्रॅमच्या आसपास. या बंदुकीला तयार काडतूस. स्वातंत्र्यानंतर घाटावरच्या खडकीच्या कारखान्याची शक्तिमान छापाची काडतुसं ओळखीची झाली. तो कारखाना १८६९ पासूनचा, पलटणींसाठी काढलेला. काडतुसावर नंबर असायचा. सहा नंबरात एका औंसाला दोनशे सत्तर छरे, ते तित्तर-होल्यांना. बीबीत सत्तर. एसजीत आठ आणि एलजीत अवघे सहा. एलजीचा एक दाणा पावणेपाच ग्रॅमचा, वाटाण्यापेक्षा जाड. जुनी काडतुसं कागदी नळीची, आमच्या पावसात ती फुगत आणि बंदुकीत शिरतच नसत. लोक ती तांदळाच्या कणगीत पुरून ठेवत, म्हणजे दमट हवा लागत नाही.

काडतुसाने कागदपत्रांची मात्र पंचाईत केली. परवान्याच्या पुस्तकात किती काडतुसं घेतली याची नोंद व्हायची. पीक राखणाऱ्याला एलजी कशाला, असं विचारलं की उत्तर तयार: डुकराला. आणि ते खोटंही नव्हतं. दीडशे किलोच्या डुकराला बीबीने गुदगुल्या होतात. पण जे काडतूस डुकराला तेच भेकराला. ठासणीत दारूवर नुसता बोळा आहे की गोळी, हे गज घालून बघता येत होतं. एलजीच्या टोपणामागे माणूस बिनधास्त लपायचा.

रायफल आमच्याकडे आली ती साहेबांबरोबर. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली, त्याआधी १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढून गेला होता. या दोन गोष्टींनी मुंबईच्या साहेबाला आमचं रान एका दिवसाच्या अंतरावर आणून ठेवलं. या साहेबांच्यात पुढे मोठा वाद चालला, मोठी गोळी की छोटी. जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी एकतीस ग्रॅमची, नुसतं शिसं, अंगात शिरली की पसरायची. नंतरच्या थ्री-नॉट-थ्रीची चौदा ग्रॅमची, वर निकेलचं कवच, वेगाने जायची आणि आरपार निघून जायची. १८९५ च्या चित्राल मोहिमेत सैनिकांचीच तक्रार आली की माणूस गोळी लागूनही चालून येतो. मग कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीचं टोक उघडं ठेवलं, म्हणजे शिसं आत गेल्यावर फुलावं. १८९९ च्या हेग परिषदेत अशी गोळी युद्धात वापरू नये असं ठरलं. शिकाऱ्यांनी मात्र तीच उचलली, आणि माझ्या मते बरोबरच केलं. कवचबंद गोळीने भोसकलेलं सांबर दोन डोंगर ओलांडून तिसऱ्या दिवशी मरतं. मऊ टोकाची गोळी त्याला जागीच बसवते. जे माणसासाठी क्रूर ठरवलं तेच जनावरासाठी दयेचं, हा हिशोब विचित्र आहे खरा, पण रक्ताच्या मागावर अख्खा दिवस फिरलेल्या माणसाला तो समजतो.

छोटी बोअर म्हणजे वाईट असंही नाही. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल पॉइंट दोनशे पंचाहत्तर, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये त्यांना भेट मिळालेली. गोळी नऊ ग्रॅमची, पण वेग आणि मऊ टोक, शिवाय मागे कॉर्बेट. लोकांनी यातलं ‘छोटी बोअर’ तेवढंच ध्यानात ठेवलं.

म्हणून बावीसकडे येतो. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली त्यांना ही रायफल ठाऊक आहे: खांद्याला धक्का नाही, आवाज फटाक्याएवढा, काडतूस करंगळीच्या पेराएवढं आणि स्वस्त. गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. एलजीचा एक दाणा हिच्या पावणेदोनपट, आणि एलजीत असे सहा एकदम येतात. थ्री-नॉट-थ्रीच्या मानाने जोर अठरावा हिस्सासुद्धा नाही. हिचं काम पन्नास मीटरवर कागदाला भोक पाडायचं, आणि ते ती फार सुंदर करते.

साठच्या दशकात मुंबईचे पाहुणे जीप आणि प्रखर टॉर्च घेऊन रात्री आमच्या रस्त्यांवर फिरत, तेव्हा त्यांच्यातल्या काहींकडे बावीस असायची. कारण एकच: आवाज गावापर्यंत जात नाही. इथे मला माझं म्हणणं पुन्हा मांडायला जागा आहे. एलजीवाला निदान डुकराची सबब सांगू शकत होता. बावीसने डुक्कर मरत नाही, उलट अंगावर येतं. तेव्हा रात्री रानात बावीस घेऊन फिरणाऱ्याला कुठलीच सबब नव्हती. तो भेकरासाठीच आलेला, आणि तेही चोरून. टॉर्चमध्ये डोळे चमकले की कपाळावर मारायचं, म्हणजे जागीच पडतं, असं हे लोक सांगत. कपाळ केवढं, तर तळहाताएवढं, आणि जनावर मान हलवतं. आमचे थोरले चुलते त्यांना वाट दाखवायला जायचे नाहीत. त्यांनी एकाला तोंडावर सांगितलेलं मला आठवतं, ‘‘साहेब, तुमच्या बावीसनं भेकर मरत नाही. ते दुसऱ्याच्या रानात जाऊन मरतं.’’ पोट फुटलेली भेकरं ठाकुरांना ओढ्याच्या काठी सापडत, कधी दोन दिवसांनी, कधी कोल्ह्यांनी अर्धी उरकल्यावर. चुलते स्वतः काही साधू नव्हते, त्यांची बारा बोअर होती आणि ती भुकेलीही असायची. पण पडेल एवढ्या मालाशिवाय घोडा दाबायचा नाही, हा त्यांचा दंडक.

कायद्याने यात एकेक खिळा ठोकला. १९५१ च्या मुंबई कायद्याने रानटी जनावरं-पक्ष्यांना संरक्षण दिलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भेकर, सांबर आणि रानडुक्कर एकाच तिसऱ्या परिशिष्टात घातले, त्याचं नाव ‘मोठी शिकार’. वीस किलोचं भेकर मोठ्या शिकारीत बघून चुलते हसले होते. त्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती कलमंच काढून टाकली. मधल्या काळात, १९८५ मध्ये, भीमाशंकरचं अभयारण्य झालं, शेकरूसाठी, आणि त्याची हद्द रायगडच्या अंगालाही आली.

बंदुका मात्र राहिल्या. निवडणूक लागली की त्या पोलिस ठाण्यात जमा व्हायच्या, चिंधीत बांधलेल्या, दस्त्याला सुतळीने अडकवलेली चिठ्ठी. मी यादी करायचो आणि प्रत्येक यादीत ठासण्या कमी होत गेल्या. म्हातारा गेला की मुलगा वारसाने परवाना करून घ्यायला येईच असं नाही. कल्याणला किंवा बदलापूरला राहणाऱ्याला ती घरात नकोच असते. टोप्या मिळत नाहीत आणि दुरुस्ती करणारा लोहार उरला नाही. काहींनी बंदूक जमा करून पावती घेतली.

डुकरं आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहेत. भात लोंबीला आलं की एका रात्रीत खाचर लोळवून टाकतात. आता शेतकरी वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करतो, सोबत सातबारा, पंचनामा आणि मोबाईलवर काढलेले फोटो. निवृत्तीनंतरही असे अर्ज भरून द्यायला लोक माझ्याकडेच येतात, आणि ‘नुकसान करणारा प्राणी’ या रकान्यात मी न विचारता रानडुक्कर लिहितो.