संगणक आज्ञावली व पेटंट

विंडोज, मॅक ओएस, लिनक्स यांसारख्या प्रतिस्पर्धी कार्यप्रणालींतील कल्पनांवर मक्तेदारी द्यावी का, हा वाद. भारतात तो पेटंट अधिनियम, 1970 मधील कलम 3(के) भोवती फिरतो. 2002 च्या दुरुस्तीने आलेले व 20 मे 2003 पासून लागू झालेले हे कलम गणिती वा व्यावसायिक पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक आज्ञावली यांना पेटंट नाकारते. ‘निव्वळ’ या एका शब्दावर सारा खल चालतो. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशाने हार्डवेअरशी जोडलेल्या आज्ञावलीला वाट मोकळी केली होती. 2005 मध्ये संसदेने ती बंद केली. लहान उद्योगांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा ठरला.

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड येथील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे येतात. ते पूर्वी लोअर परळच्या तोडी इस्टेटमध्ये होते. आता अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. आज्ञावलींच्या अर्जांबाबत परीक्षकांसाठी ऑगस्ट 2015 मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वे मुक्त सॉफ्टवेअर गटांच्या आक्षेपांनंतर डिसेंबरात स्थगित झाली. 2016 च्या सुधारित तत्त्वांतली, आज्ञावलीसोबत नवे हार्डवेअर असण्याची अट 2017 मध्ये गळली.

लिनक्स व इतर मुक्त आज्ञावल्या आपल्या 235 पेटंटांचा भंग करतात, असा दावा मायक्रोसॉफ्टने 2007 मध्ये केला, पण यादी दिली नाही. अशा मोघम दाव्याने ग्राहक बिचकतो, हा त्यातला खरा अन्याय. त्याच वर्षी भारतात सी-डॅक या सरकारी संस्थेची, डेबियन या लिनक्स-प्रकारावर आधारित ‘बॉस’ प्रणाली आली. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिनक्सच्या संरक्षणासाठीच्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली.