जंतरमंतरातली सावलीची कड

दिल्लीतले जंतरमंतर सवाई जयसिंग दुसरे यांनी 1724 च्या सुमारास बांधून घेतले. समरकंदच्या उलुगबेगाच्या सारण्यांवरून आणि जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष वेधांशी जुळत नव्हती. ती नव्याने मोजायची, तर पहिला प्रश्न यंत्रांचा होता.

समरकंदच्या धर्तीवर जयसिंगांनी आधी पितळी यंत्रे करवून घेतली. ती का सोडली, हे त्यांच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या खगोल-सारण्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आहे: आकार लहान, त्यामुळे अंशाच्या कला दाखवायला जागा नाही, आस झिजतात, हलतात, वर्तुळांचे केंद्र सरकते. म्हणून चुना आणि दगड. दिल्लीचे सम्राट यंत्र, म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळ, सुमारे 21 मीटर उंच आहे. त्याच्या तिरक्या भिंतीची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असून दोन्ही बाजूंच्या पाद-कंसांची त्रिज्या सुमारे 15 मीटर आहे. सावली या कंसावर दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. कागदावर हिशेब सरळ आहे: रेघा जितक्या बारीक, वेळ तितकी अचूक.

अडचण सावलीतच आहे. सूर्य बिंदू नाही, सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे 15 मीटर अंतरावर भिंतीच्या सावलीची कड जवळजवळ 14 सेंटिमीटर रुंदीत काळ्याकडून उजेडाकडे विरघळत जाते. काळाच्या मापात हा पट्टा दोन मिनिटांहून थोडा अधिक भरतो. यंत्र वाढवले की मापपट्टी मोठी होते, पण हा धूसर पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावतो. नुसत्या भव्यतेने अचूकता मिळत नाही, ही जंतरमंतरची खरी शिकवण आहे. यावरचा उपाय साधा आहे. कंसाच्या पृष्ठालगत ताणलेला बारीक दोरा धरायचा. त्याची रेखीव सावली मोठ्या सावलीत नेमकी कुठे मिसळते, ते पाहायचे. मग वाचन काही सेकंदांपर्यंत अचूक मिळते. आजचा छायाचित्रकार दुर्बिणीपुढे खाचांची बाहतिनोव्ह चकती लावतो आणि ताऱ्याभोवतीच्या तीन रेषांपैकी मधली बरोबर मध्ये येईपर्यंत फोकस फिरवतो, तेव्हा तोही हेच करत असतो: ठिपका पुरेसा बारीक झाला का, हे डोळ्याला ठरवता येत नाही, म्हणून त्याला तुलनेसाठी रेघ द्यायची.

षष्ठांश यंत्रात वाट वेगळी आहे. अंधाऱ्या खोलीच्या छतातील सूक्ष्म छिद्रातून मध्यान्हीच्या सूर्याची प्रतिमा 60 अंशांच्या कंसावर पडते. तिच्यावरून सूर्याचे नतांश, क्रांती आणि बिंबाचा व्यास मिळतो. प्रतिमेचा व्यास अंतराच्या साधारण 107वा भाग असतो. भिंग नसल्याने फोकस साधायची गरज नाही, पण छिद्र मोठे केले तर कड पुसट होते आणि लहान केले तर उजेड कमी पडतो.

रात्री ताऱ्याची सावली मिळत नाही. तिथे डोळाच मापपट्टीपाशी न्यावा लागतो. ताऱ्याची उंची आणि दिशा मोजणाऱ्या राम यंत्राच्या फरशीत सहा-सहा अंशांचे 30 भाग आणि तेवढ्याच मोकळ्या जागा आहेत, त्या याचसाठी. एका इमारतीतील फट दुसरीतील फरशीने भरून निघते, म्हणून ते जोडीने बांधले आहे.

जयसिंगांकडे दुर्बिणीही होत्या. गुरूचे चार उपग्रह, शुक्राच्या कला आणि सूर्यावरचे डाग यांची नोंद झीजमध्ये आहे. 1727 मध्ये त्यांनी फादर मॅन्युएल द फिगेरेदो यांच्यासह एक शिष्टमंडळ पोर्तुगालला धाडले. त्यातून आलेल्या फ्रेंच खगोलज्ञ ला हिरच्या सारण्यांत चंद्राच्या स्थानी अर्ध्या अंशाची तफावत त्यांना आढळली. तरी मापाचे काम दगडी यंत्रांकडेच राहिले. दुर्बिणीला अंशांकित वर्तुळ जोडून वेध घेण्याची युरोपातली रीत इथे रुजली नाही, आणि दिल्लीच्या वेधपरंपरेचे हे सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

पुढे यंत्रे पडझडीत सापडली. 1852 आणि 1910 मध्ये जयपूर दरबाराने त्यांची डागडुजी केली. जयसिंगांनीच उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला. त्यांची मथुरेची वेधशाळा मात्र उरली नाही. दिल्लीत आता भोवतीच्या उंच इमारतींनी क्षितिज झाकले असून पूर्वीसारखे वेध घेता येत नाहीत.