बर्गंडीचे द्राक्षमळे व त्यांचे कागद

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ अशी संज्ञा आहे, व त्याची ओळख त्याच्या देशावरूनच करावी असें सांगून कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें दिलीं आहेत. पैकीं पहिल्या शब्दाच्या सिद्धीसाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र (४.२.९९) रचलें. कापिशी नगरी ती काबूलच्या उत्तरेकडील हल्लींचें बेग्राम, हें मत आतां सामान्यतः मान्य आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्याच प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय यांच्या कृति द्रव्यांच्या प्रमाणांसह दिल्या आहेत. द्राक्षमद्याची मात्र कृति नाहीं, केवळ देश आहे.

कापिशीच्या मळ्यांचे कागद आज उपलब्ध नाहींत. परंतु ज्या मद्याचा गुण त्याच्या भूमीच्या नांवानें सांगतात, अशा एका प्रदेशाचीं दानपत्रें, आज्ञापत्रें व वर्गवारीचे तक्ते शेंकडों वर्षांचे राहिले आहेत. तो प्रदेश फ्रान्समधील बर्गंडी होय. मद्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें प्रयोजन कागदांशीं आहे.

दिझों शहरापासून दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटर लांबीची, पूर्वाभिमुख, चुनखडीची एक अरुंद उतरण आहे. तिला कोत दोर म्हणतात. हा मुलूख ४७ अक्षांशावरचा, म्हणजे थंड. वसंतांत हिमकडाका पडून कोंब जळतात, व शरदांत द्राक्ष पिकेल कीं नाहीं ही धाकधूक दरवर्षीं असते. उष्ण देशांत द्राक्ष सर्वत्रच पिकतें, त्यामुळें या शेताचें व त्या शेताचें अंतर साखरेखालीं दडपून जातें. येथें फळ जेमतेम पिकत असल्यानें उतरणीचा कोन, पाण्याचा निचरा, चुनखडीवरील मातीची जाडी, यांतील अल्प भेदहि रसांत उतरतो. माथ्यावर माती विरळ. पायथ्याशीं ती जड व ओलसर, आणि रात्रीं थंड हवा वाहत येऊन तेथेंच सांचते. मधला पट्टा उत्तम. तांबड्या मद्यास पिनो न्वार व पांढऱ्यास शार्दोने, या दोनच जाती मुख्यत्वें लावतात. म्हणून मळ्यामळ्यांतील भेदाचें कारण जातींत शोधण्याची सोय उरत नाहीं.

अशा प्रत्येक सीमाबद्ध, स्वनामांकित तुकड्यास तेथें ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत या उतरणीची नोंद झाली, तेव्हां असे १,२४७ तुकडे गणले गेले. आमच्या थळझाड्यांतील ‘थळ’ हा शब्द वाचकांस येथें आठवेल, व तें योग्यच आहे. मात्र आमची अव्वल, दूम, सीम ही प्रतवारी साऱ्यासाठीं, म्हणून उत्पन्नावर बसविलेली. बोनच्या शेतकी समितीनें १८६१ मध्यें मळ्यांच्या तीन प्रती ठरविल्या त्या रसाच्या गुणावर. म्हणून आमचा पाहणीदार ज्या सखल काळ्या जमिनीस अव्वल म्हणता, तीच तेथें यादीबाहेर राहिली.

आतां पुराव्याकडे वळूं. इ. स. ३१२ च्या सुमारास ओतँ नगराच्या एका वक्त्यानें कॉन्स्टंटाइन बादशहापुढें केलेल्या भाषणांत येथील वेलींचा उल्लेख येतो. वेली जुनाट झाल्या आहेत, मुळ्या एकमेकींत गुंतल्या आहेत, अशी त्याची तक्रार आहे. पण हें भाषण करमाफीच्या उपकाराबद्दलचें आहे हें विसरतां कामा नये. सूट मागणाऱ्या वा मिळालेल्या रयतेनें पीक चांगलें आल्याचें कधीं लिहिलें आहे? सहाव्या शतकांतील तूरचा ग्रेगरी दिझोंच्या पश्चिमेकडील टेंकड्यांच्या मद्याची स्तुति करतो, पण त्यास नांव देतो तें इटालींतील फालर्नियन मद्याचें. अर्थात् तोंपर्यंत या भूमीस स्वतःचें नांव लाभलें नव्हतें, असें आम्ही समजतों.

बेझ मठाची कथा याहून प्रसिद्ध आहे. सातव्या शतकांत आमाल्गेर नामक सरदारानें मठास जव्हे येथील मळे दिले, तोच आजचा क्लो द बेझ. पण मठाची बखर लिहिणारा जाँ हा साधु बाराव्या शतकांतला! पांचशें वर्षांचें अंतर असतां बखरीवर किती भार टाकावा, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको.

सर्वांत दृढ समजूत सीतो मठाविषयीं आहे. हा मठ १०९८ मध्यें स्थापन झाला. बाराव्या शतकाच्या आरंभापासून वूजो येथें दानांनीं व खरेदीनें त्याची जमीन वाढत गेली, आणि १३३६ च्या सुमारास सुमारें ५० हेक्टरांभोंवतीं भिंत पूर्ण झाली. साधूंनीं माती जिभेवर ठेवून मळ्यांच्या सीमा ठरविल्या, असें लोक मोठ्या आवडीनें सांगतात. दानपत्रांचा स्वभाव मात्र निराळा असतो. त्यांत दाता, चतुःसीमा, साक्षी व हक्क असतात, चव नसते. आणि भिंतच या समजुतीविरुद्ध साक्ष देते. ती माथ्याजवळून निघून थेट सखल रस्त्यापर्यंत येते. वरची उथळ, निचऱ्याची जमीन व खालची जड जमीन एकाच नांवाखालीं तिनें कोंडली. भिंत मातीची सीमा दाखवीत नाहीं, मालकीची दाखविते. तरी १९३७ च्या कायद्यानें आंतील सर्व जमिनीस सर्वोच्च प्रत मिळाली, कारण नांव एक होतें.

यावरून भूमिगुण ही निव्वळ कविकल्पना, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्ही घेत नाहीं. मठ मरत नाहीं, वांटण्या करीत नाहीं; एकाच सीमेंतील पीक पिढ्यान्‌पिढ्या एकाच तळघरांत उतरतें. गुण भूमीचा असेल, पण तो ओळखण्यास लागणारी स्थिरता सनदेनें दिली. १७९१ मध्यें हा मळा राष्ट्राची मालमत्ता म्हणून विकला गेला, १८८९ मध्यें त्याचे भाग पडले, व आज आंत ऐंशींच्या आसपास मालक आहेत. एकाच नांवाचीं मद्यें आतां परस्परांशीं जुळत नाहींत, यांत नवल तें काय?

राजाज्ञेचा एक कागदहि पाहण्यासारखा आहे. ३१ जुलै १३९५ रोजीं ड्यूक फिलिप (ज्यास धाडशी म्हणत) यानें गामे जातीच्या वेली उपटण्याचें फर्मान काढलें. ही वेल भरपूर फळते, तिचें मद्य हीन, असा आरोप. गरीब कुणब्याच्या दृष्टीनें भरपूर फळणें हा अपराध कसा, हा प्रश्न ड्यूकला पडला नाहीं. १९९९ मध्यें वेलींच्या आनुवंशिक परीक्षेनें कळलें कीं, गामे ही पिनो व गुए ब्लाँ यांची संतति. आणि शार्दोनेहि त्याच जोडप्याची. सख्ख्या भावंडांपैकीं एकास हद्दपारी मिळाली व दुसऱ्यास उत्तम मळे.

सीतोचें दफ्तर क्रांतीनंतर दिझोंच्या जिल्हा दफ्तरखान्यांत आलें. म्हणूनच शेताचें नांव कोणत्या पत्रांत कोणत्या रूपानें येतें हें तेथील अभ्यासकांस ताडून पाहतां येतें. आमच्याकडे लढायांचीं पत्रें जपून ठेवणारे संग्राहक थळझाड्यांचे रुमाल रद्दींत घालतात, हें आम्ही प्रत्यक्ष पाहिलें आहे. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील, त्यांनीं निदान थळांच्या नांवांची यादी उतरून ठेवावी.