बटण आधी, किल्ली नंतर

गाडीतलं ‘स्टार्ट-स्टॉप’ लिहिलेलं गोल बटण आजही बऱ्याच जणांना चैनीची चीज वाटतं. कुळ शोधायला गेलं तर मात्र ते फिरवायच्या किल्लीपेक्षा थोरलं निघतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बसवली होती. काही क्षणच जोर लावायचा असेल तर मोटर लहान असली तरी भागतं, हे त्याला तिथे उमगलं होतं. पुढे हीच युक्ती त्याने कॅडिलॅकच्या 1912च्या मॉडेलसाठी वापरली आणि मनगट मोडणारं हँडल मारण्याची गरज संपत गेली. नंतरच्या कित्येक गाड्यांत किल्लीने फक्त इग्निशन चालू व्हायचं. स्टार्टर मारायला पायाशी किंवा डॅशबोर्डवर वेगळं बटण असायचं. ही दोन्ही कामं एकाच किल्लीच्या फिरकीत क्रायस्लरने आणली ती 1949 साली. म्हणजे आपण जिला सनातन समजतो ती रीत जेमतेम पन्नास वर्षं निर्वेध चालली.

पण या पन्नास वर्षांत किल्लीने अंगावर बरीच कामं घेतली, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. गाडी सुरू करण्याची परवानगी तिच्याकडे, सुरू करण्याची क्रिया तिच्याकडे, 1970च्या सुमारास स्टीअरिंगचं कुलूपही तिच्याकडे आलं. शिवाय कोणी न सोपवलेलं एक काम ती करत होती: ती खिशात आली की इंजिन बंद आहे, याची खात्री. नव्वदच्या दशकात चोरी रोखण्यासाठी किल्लीत चिप आली आणि ओळख चिपच पटवू लागल्यावर धातूच्या दात्यांचं महत्त्व उरलं नाही. शतक संपता संपता मर्सिडीजने एस-क्लासमध्ये किल्ली खिशातच राहू देणारी सोय दिली. ब्रेक दाबून बटण दाबलं की गाडी कमी वारंवारतेच्या लहरींनी विचारणा करते, खिशातली किल्ली उत्तर देते, मग स्टार्टर फिरतो. (1999च्या होंडा एस2000मध्ये लाल बटण होतं, पण आधी किल्ली फिरवावीच लागे, ती निव्वळ जुन्याची हौस.)

यावर कोणी म्हणेल, मग ही सगळी फॅशनच. तसं नाही. 2003च्या टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड गाडीत बटण दाबल्यावर इंजिन लगेच सुरू होईलच असं नसतं. तिथे स्टार्टरसाठी किल्ली फिरवण्याला अर्थच उरत नाही. दुसरा आक्षेप चोरीचा, आणि तो वजनदार आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली किल्लीचा संदेश दुरून पुढे पोचवून दहा मॉडेलांना फसवून दाखवलं. मात्र हा दोष लहरींचा आहे, बटणाचा नव्हे. बटणाचा स्वतःचा दोष वेगळा: ते सुरू करायला सोपं आणि बंद करायला संदिग्ध आहे. 2009 साली कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकून एक लेक्सस उधळली, चौघे गेले. अपघाताचं मूळ मॅट; पण धावत्या गाडीचं इंजिन बंद करायला बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावं लागतं, हे चालकाला ठाऊक असेलच असं कोणी गृहीत धरावं? अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये चालू राहिलेल्या गाड्यांच्या कार्बन मोनॉक्साइडनेही माणसं दगावली आहेत. सवय झाली की चुका थांबतील, हे म्हणणं इथे टिकत नाही, कारण किल्ली खिशात असणे म्हणजे इंजिन बंद, ही जुनी सवयच इथे दगा देते. 2021 साली तिथल्या संसदेने इंजिन आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची करायचा कायदा केला, तो याचमुळे.

तुमच्या गाडीला बटण असेल तर मॅन्युअलमधून तीन गोष्टी आजच पाहून ठेवा: धावत्या गाडीचं इंजिन कसं बंद करायचं, रिमोटच्या पोटातली धातूची किल्ली कशी काढायची, आणि त्याचा सेल संपला तर रिमोट नेमका कुठे टेकवायचा.